गुणवत्ता कुणाच्या बापाची?

(युवक-विद्यार्थ्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय तो विद्यापीठातल्या अभ्यासक्रमांच्या तपासणीचा आणि दर्जावाढीचा. विषय ऐकूनच जांभई यावी असा. तुमच्यातले काही जण म्हणतील, आमची स्कॉलरशिप अडकलीय, हॉस्टेलात जागा नाही, गावात पोरांवर हल्ले होतायत, आणि हा माणूस आम्हाला अभ्यासक्रमाच्या दर्जाबद्दल सांगायला आलाय. ते बघायला कुलगुरू आहेत, समित्या आहेत, पगारी माणसं आहेत. आपला काय संबंध?

संबंध आहे. आणि तो नाही असं आपल्याला वाटावं, यातच त्यांची निम्मी लढाई जिंकून झालेली आहे.

‘गुणवत्ता’ हा शब्द आपण पहिल्यांदा कुठं ऐकला ते आठवा. वर्गात शिकताना ऐकला नाही. ॲडमिशनच्या खिडकीवर ऐकला. ‘यांच्यामुळे गुणवत्ता घसरते’ असा ऐकला. हा शब्द आपल्याकडे नेहमी दगडासारखा फेकून मारलाय. त्यामुळे आपल्या पोरांना त्याची चीड येते, आणि ती चीड खरी आहे. पण चिडीपोटी आपण एक गोष्ट करून बसलो. शब्द त्यांच्याकडेच ठेवला. ते गुणवत्तेवाले आणि आपण राखीववाले, अशी वाटणी झाली. ही वाटणी मला मान्य नाही. ज्या विद्यापीठात चार-चार महिने शिक्षक नसतो, ज्याचे निकाल वेळेवर लागत नाहीत, ज्याच्या पुस्तकांपेक्षा गाईडं जास्त खपतात, त्या विद्यापीठाची गुणवत्ता कुणी घसरवली? कोट्यातून आलेल्या पोराने? तो आला तेव्हा ती आधीच चिखलात लोळत होती. म्हणून आज मला विचारायचंय, गुणवत्ता कुणाच्या बापाची?

दारात मोजायची की आत?

मुंबई विद्यापीठ 1857 साली निघालं. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवीचा कागद द्यायचा. कागद छापणारी गिरणीच म्हणा. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. कष्टकऱ्याच्या घामातून गोळा झालेला सरकारी महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच निवेदनात त्यांनी शेतकऱ्याच्या पोराला हिशेब, शेती, आरोग्य शिकवा असं अभ्यासक्रमाबद्दलही सांगितलं. आणि घरी बसून अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं त्याचं स्वागत करून, वरच्या परीक्षांनाही तीच सवलत द्या अशी मागणी केली. म्हणजे काय शिकवावं आणि कुणापर्यंत पोचवावं, हे दोन प्रश्न जोतीरावांनी एकाच दमात विचारले. आपण पहिला विसरलो.

बाबासाहेबांचंही तेच. 1925 साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीने प्रश्नावली पाठवली, तेव्हा त्यांनी सविस्तर लेखी उत्तरं दिली. पदवीचं शिक्षण आणि त्यावरचं शिक्षण यांची ताटातूट केली की शिकवणं एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे पडतं, दोन्ही मरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पोराच्या डोक्यात माहिती कोंबणं हे विद्यापीठाचं काम नव्हे, त्याला स्वतःच्या डोक्याने विचार करायची आणि मूळ साधनं तपासायची सवय लावणं हे काम, असं ते सांगत होते. दोन वर्षांनी, 1927 साली, मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाला जगायचा हक्क नाही, गरीब आणि नडलेल्या माणसाच्या दारापर्यंत सर्वोच्च शिक्षण नेणं हे त्याचं मूळ काम आहे.

बघा, बाबासाहेबांच्या लेखी दर्जा आणि दार ही दोन भांडणं नव्हती. सर्वोच्च शिक्षण, आणि ते गरिबाच्या दारात. यातला एक शब्द गाळला तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. प्रस्थापितांनी दार गाळलं आणि दर्जाच्या नावाने टाहो फोडला. आपल्यातल्या काहींनी दर्जा गाळला आणि दारावरच समाधान मानलं.

त्यांनी नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळच्या वर्गांसाठी ओळखलं गेलं. का सकाळचे? तर दिवसा नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून. वेळापत्रक ही आपल्याला कारकुनाची बाब वाटते. पण कुणाच्या पोटाच्या वेळा बघून तास लावले, यावरून अभ्यासक्रम कुणासाठी आहे ते कळतं. आज दुपारी एकचा तास लावून 75 टक्के हजेरीची नोटीस चिकटवणाऱ्या कॉलेजात, रात्रपाळी करून सकाळी डिलिव्हरीच्या गाडीवर बसणारा आपला पोरगा ‘अनियमित विद्यार्थी’ ठरतो. अनियमित तो नाही. अनियमित ते वेळापत्रक आहे.

खराब पदवी कुणाला लुटते?

आता सरळ पोटाचा हिशेब बघू. एखाद्या पदवीत काही शिकवलंच नाही, तर नुकसान कुणाचं? ज्याच्या बापाची फर्म आहे त्याचं नाही. ज्याचा मामा बँकेत साहेब आहे त्याचंही नाही. त्याला पदवी म्हणजे लग्नपत्रिकेत नावापुढे छापायची अक्षरं. जे शिकायचं ते तो घरात, क्लासमध्ये, ओळखीत शिकून घेतो. आपल्या पोराकडे काय असतं? तीन वर्षं आणि एक कागद. आईने धुणीभांडी करून, बापाने नाक्यावर उभं राहून ती तीन वर्षं विकत घेतलेली असतात. कागद पोकळ निघाला तर त्याच्याकडे दुसरं काही शिल्लक नाही. म्हणून दर्जाचा प्रश्न हा सुखवस्तू लोकांच्या चर्चासत्राचा प्रश्न नाही. तो आपल्या वस्तीवर घातलेला दरोडा आहे, आणि दरोडा पडलेल्या माणसाने पंचनामा मागायचा असतो.

पंचनामा कोण करतं ते बघू.

रंगरंगोटी आणि श्रेणी

1994 साली बंगलोरला नॅक स्थापन झाली. कॉलेजांचं, विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था. गेली काही वर्षं तिचा तक्ता असा राहिला: सात निकष, 1000 गुण, त्याची 4 पैकी सरासरी. 3.51 च्या वर गेलात तर ए डबल प्लस, दीडच्या आत राहिलात तर डी. निकष कागदावर वाईट नाहीत. अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, संशोधन, इमारत-ग्रंथालय, विद्यार्थ्यांना मदत, कारभार, संस्थेची मूल्यं. सगळं आहे त्यात.

पण प्रत्यक्षात काय होतं? मी तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस. तीन-चार कॉलेजं फिरलोय. नावं घेत नाही, कारण नाव घेतलं तर त्या एकाच कॉलेजाची बदनामी होईल आणि बाकीची सुटतील. समिती यायच्या आधी महिनाभर वर्ग बंद आणि फायली चालू. भिंतींना रंग. भाड्याच्या कुंड्या. दोन वर्षं कुलूप असलेल्या प्रयोगशाळेत अचानक पंखे फिरायला लागतात. न झालेल्या कार्यक्रमांचे अहवाल फोटोसकट तयार होतात, कारण बॅनर नवा छापला की जुना फोटो चालतो. विद्यार्थ्यांना समाधानाची प्रश्नावली ईमेलवर येते, ती येण्याआधी वर्गात सूचना येते की कॉलेजाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, नीट भरा. आणि आपल्या पोरींना नऊवारी नेसवून दारात ओवाळायला उभं करतात. ही झाली गुणवत्ता! समिती जाते, कुंड्या परत जातात, कुलूप परत लागतं.

आणि समिती तरी सोवळी असते का? फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षाला आणि सदस्यांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. आरोप काय, तर चांगली श्रेणी देण्यासाठी पैसे आणि वस्तू घेतल्या. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवील. पण ज्या देशात आपल्या पोराच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी महिनोन्‌महिने चालते, त्या देशात विद्यापीठाचा दाखला कसा मिळतो याचीही पडताळणी झाली पाहिजे. 2024 च्या सुरुवातीला श्रेण्या बंद करून नुसतं ‘मान्य’ की ‘अमान्य’ अशी पद्धत आणायची घोषणा झाली. श्रेण्या गेल्या म्हणून रंगाचे डबे जातील असं समजू नका.

मुख्य मुद्दा लाचेचाही नाही. सगळं प्रामाणिकपणे केलं तरी आकडा कसा फसवतो ते सांगतो. समजा, एका कॉलेजात पहिल्या वर्षाला 120 पोरं आली. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसली 50. पास झाली 45. कॉलेज फ्लेक्सवर काय लावणार? ‘निकाल 90 टक्के’. खोटं आहे का? नाही. 50 पैकी 45 म्हणजे 90 टक्केच. पण 120 पैकी 45 काढा. साडेसदतीस टक्के. मधली 70 कुठं गेली? कुणाला केटी लागली आणि पुन्हा फी भरायला पैसे नव्हते. कुणाची स्कॉलरशिप वेळेत आली नाही. कुणाचं लग्न लावून दिलं. कुणी उसतोडीला आईबापाबरोबर गेला तो परत आला नाही. या 70 जणांचा रकाना फ्लेक्सवर नसतो. आता त्या 70 जणांची जात, लिंग, गाव आणि शिक्षणाचं माध्यम मांडा. मग अभ्यासक्रमाचा खरा दर्जा कळेल. ही 70 पोरं म्हणजे विद्यापीठाची नापास झालेली उत्तरपत्रिका आहे.

अभ्यासक्रम कोण लिहितं?

तुमच्यातल्या किती जणांना अभ्यासमंडळ म्हणजे काय ते ठाऊक आहे? हात वर करा. दोन. आमदार कोण हे शंभर जणांना ठाऊक असतं. आमदार पाच वर्षांत तुमच्या डोक्यात जेवढं घालू शकत नाही, तेवढं अभ्यासमंडळ एका बैठकीत घालतं किंवा काढतं. विषयवार अभ्यासमंडळ मसुदा करतं, तो विद्यापरिषदेत मंजूर होतो. बंद खोलीत, चहा-समोशाच्या साक्षीने. वर्तमानपत्रात चार ओळीसुद्धा येत नाहीत.

काढतात कसं त्याची दोन उदाहरणं. 2010 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. इंग्रजीत रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी होती. एका पक्षाच्या विद्यार्थी शाखेने दंडुका आपटला आणि कुलगुरूंच्या विशेष अधिकारात ती काढली गेली. ती शिकवणाऱ्या मास्तरांना कुणी विचारलं नाही. 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्सच्या इंग्रजीतून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही कथा आणि बामा व सुकीर्थरणी या दोन दलित लेखिकांचं लेखन काढून टाकलं. विभागाने आधी ते लावलं होतं. वरून नेमलेल्या देखरेख समितीने ते काढलं. विद्यापरिषदेच्या पंधरा सदस्यांनी विरोध नोंदवला, तरी मंजूर झालं. या काढाकाढीलाही ‘अभ्यासक्रमाचं पुनरावलोकन’ असंच नाव होतं. म्हणजे तपासणी हा शब्दही त्यांनीच पळवलाय. आपण तपासणी म्हटलं की आपली मागणी. त्यांनी तपासणी म्हटलं की आपल्या बाया पुस्तकातून बाहेर.

पण फक्त आपली नावं आत घुसवली की काम झालं, असंही नाही. हल्ली बाबासाहेबांना अभ्यासक्रमात घेतात. कुठं? शेवटच्या युनिटात. ते युनिट मार्चमध्ये येतं, मास्तर म्हणतो हे घरी वाचा, परीक्षेत त्यावर टीप येते पाच मार्कांची, ती ऑप्शनला टाकली तरी चालते. हे अभिवादन आहे, अभ्यास नाही. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ 1923 चा. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला चलनाचा प्रश्न शिकवताना तो मुळातून वाचून घेतला जातो का, आणि त्यातल्या युक्तिवादाशी झगडायला लावतात का, हे विचारा. आपल्याला पुतळा नकोय तिथं. वाद पाहिजे. मार्क्स असो, केन्स असो, आंबेडकर असो, पोराला मूळ पुस्तकाशी कुस्ती खेळता आली पाहिजे. आणि त्यासाठी मराठीतून चांगलं पुस्तक पाहिजे. मराठी माध्यमातून पदवी घ्यायला परवानगी द्यायची आणि वाचायला गाईड सोडून काही ठेवायचं नाही, ही परवानगी नव्हे, ही फसवणूक आहे.

न्यूयॉर्कला कोलंबियात बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. 1913 ते 1916 मध्ये अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. शिकायची भूक होती आणि ती भागवणारं दुकानही भरलेलं होतं. आज नव्या शैक्षणिक धोरणात आपल्यालाही निवडीची टोपली दिलीय. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ती 2024-25 पासून लागू झाली. क्रेडिट, मेजर, मायनर, सगळे शब्द आले. पण तालुक्याच्या कॉलेजात टोपलीत हात घातला की काय मिळतं? जो मास्तर रिकामा असेल तो विषय. टोपली कोलंबियाची आणि माल तालुक्याचा!

त्याच धोरणात आणखी एक गंमत आहे. एक वर्ष करून बाहेर पडा, सर्टिफिकेट. दोन वर्षं, डिप्लोमा. तीन वर्षं, पदवी. चार वर्षं, ऑनर्स. याला लवचीकता म्हणतात. मला सांगा, पहिल्या वर्षाच्या दारातून कोण बाहेर पडेल? ज्याची फी थकली तो. पूर्वी त्याला गळती म्हणायचे, तिची निदान लाज वाटायची. आता गळतीलाच प्रमाणपत्र दिलं की लाजही संपली. माझं म्हणणं असं की दारं ठेवा हवी तेवढी, पण प्रत्येक दारावर वही ठेवा. कोण बाहेर गेलं, का गेलं, परत आलं का. ती वही दरवर्षी जाहीर करा.

कोण शिकवतं, कोण तपासतं?

भरतीवर बंदी, रिकाम्या जागा आणि तासावर मजुरी. तासिका तत्त्वावरचा मास्तर म्हणजे शिक्षणातला नाका-कामगार. सुट्टी पडली की मजुरी बुडाली. या कॉलेजातून त्या कॉलेजात पळणारा माणूस पोराच्या शंकेला थांबणार कधी? आणि राखीव जागा कायम पदांवर भरायच्या असतात, त्या पदांचीच भरती होत नाही. मग आरक्षण कागदावर जिवंत आणि वर्गात मेलेलं. रिकामी खुर्ची हा दर्जाचाही प्रश्न आहे आणि सामाजिक न्यायाचाही. दोन मोर्चे काढायची गरज नाही, एकच पुरे.

परीक्षेचं बघा. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचं घाईघाईने ठरवलं. निकाल महिनोन्‌महिने लांबले, पोरांचे पुढचे प्रवेश हुकले, आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. सुधारणा कुठलीही असो, ती मास्तरांना न विचारता, चाचणी न घेता लादली की तिची किंमत पोरं भरतात. ज्याच्या घरात वर्ष वाया घालवण्याची ऐपत आहे त्याने ते वर्ष परदेशी अर्जांत काढलं असेल. आपल्या पोराने ते कॉल सेंटरात काढलं आणि तिथंच राहिला.

आणि अंतर्गत गुण. ते मास्तरांच्या हातात. आडनाव विचारून बघणारा मास्तर असला तर त्या गुणांचं हत्यार होतं. तुम्हाला रोहित वेमुला माहीत आहे, जानेवारी 2016. डॉक्टर पायल तडवी माहीत आहे, मे 2019. त्या दोघांच्या आयांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की विद्यापीठांतला जातीय छळ थांबवायचे नियम नुसते कागदावर का? त्याआधी 2007 मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधला भेदभाव नोंदवून ठेवला होता. मी विचारतो, ज्या संस्थेत असा छळ होतो तिची श्रेणी त्याच दिवशी खाली का येत नाही? ज्या वर्गात एक पोरगी घाबरून बसते त्या वर्गाचा दर्जा शून्य. बाकीचे 59 फर्स्ट क्लासमध्ये आले तरी शून्य.

एक धोका

इथं एक शंका येणार, आणि ती यायलाच पाहिजे. आपण दर्जा वाईट म्हणून ओरडलो तर सरकार म्हणेल, बरोबर, लावा टाळं. 2017 साली असंच झालं. पट दहाच्या आत, दर्जा कमी, असं सांगून महाराष्ट्रात 1,300 हून जास्त शाळा बंद करायचा निर्णय निघाला. त्या शाळा कुणाच्या होत्या? तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वस्तीवरच्या. उद्या तालुक्याच्या कॉलेजांचं तेच होईल आणि शहरात खाजगी विद्यापीठांच्या काचेच्या इमारती उभ्या राहतील, लाखांची फी लावून.

म्हणून आपली मागणी पहिल्या दिवसापासून जोडीने मांडायची. तपासणी करा, आणि जिथं कमी सापडेल तिथं पद भरा, पुस्तक द्या, पैसा द्या. रोगी सापडला तर त्याला औषध देतात, दवाखान्याला टाळं लावत नाहीत. ‘कमी दर्जा म्हणून जास्त अनुदान’ ही घोषणा ऐकायला उलटी वाटते, पण न्यायाची तीच सुलटी आहे.

आपण काय करायचं?

भाषण इथं संपवून टाळ्या घेता येतील. पण मला काम द्यायचंय. येत्या वर्षात प्रत्येक शाखेने एक पदवी धरायची. एकच. बी.ए. असेल, बी.कॉम. असेल, नर्सिंग असेल. आणि तिचा आपण स्वतः पंचनामा करायचा.

पहिलं, तीन वर्षांची वही काढा. किती आले, किती गेले, किती पास झाले. प्रवर्गाप्रमाणे, मुली-मुलग्यांप्रमाणे. कॉलेज देणार नाही. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अनुदानित कॉलेजाला सरकारी पैसा जातो, ते हात झटकू शकत नाही. सोडून गेलेल्यांपैकी दहा जणांच्या घरी जा. फोन करू नका, घरी जा. का सोडलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि नावं उघडी करू नका.

दुसरं, अभ्यासमंडळाची इतिवृत्तं मागवा. कुठलं पुस्तक कधी काढलं, कुणी सुचवलं, कारण काय दिलं. मग अभ्यासक्रम स्वतः वाचा. काय शिकवत नाहीत त्याची यादी करा. पण यादी करणाऱ्याने पर्यायी पुस्तक आधी वाचलेलं असलं पाहिजे. न वाचता पुस्तक लावा म्हणणारा आणि न वाचता पुस्तक काढा म्हणणारा, दोघे एकाच पंगतीतले.

तिसरं, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवा. किती प्रश्न घोकून सुटतात आणि किती प्रश्नांना विचार लागतो, ते मोजा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केलाय. बघा. नापास झालेला पोरगा लाजेने घरात बसतो, त्याला हाताला धरून घेऊन जा.

चौथं, महिनाभर वर्गांची हजेरी घ्या. पोरांची नको, तासांची. किती तास लावले, किती झाले, कायम मास्तरांनी किती घेतले, तासिकावाल्यांनी किती. तासिकावाल्या मास्तरावर डाफरू नका, तो आपल्याच बाजूचा आहे.

पाचवं, नोंदणीकृत पदवीधर व्हा. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, ओबीसी आणि महिला अशा 5 राखीव जागा आहेत. आपली पोरं पदवीचा कागद ट्रंकेत ठेवतात आणि मतदार म्हणून नाव नोंदवत नाहीत. मग राखीव जागेवर पक्षाचा खांदेकरी बसतो, तो आपल्या नावाने आपल्याच विरुद्ध हात वर करतो. आणि बाबासाहेब 1927 साली विद्यापीठाच्या सत्तेच्या जागी मागास वर्गांची माणसं असली पाहिजेत म्हणून भांडत होते!

हे सगळं गोळा झालं की त्याची छोटी पुस्तिका छापू. झेरॉक्स चालेल, पीडीएफ चालेल. ती कुलगुरूंच्या टेबलावर ठेवू, आणि त्याच दिवशी वस्तीत मोठ्याने वाचू. ज्या आईने तीन वर्षांचे पैसे भरले तिला कळलं पाहिजे की तिला माल काय दिला.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आपली माणसं जाळली गेली, कापली गेली. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. पोचीराम कांबळे गेले. 1993 मध्ये गौतम वाघमारेंनी नांदेडात स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. ती माणसं एका पाटीसाठी मेली असं जो म्हणतो त्याला लढा कळला नाही. विद्यापीठ कुणाचं, हा प्रश्न होता. पाटीवर नाव लागलं म्हणजे प्रश्नाची पहिली ओळ लिहून झाली. पुढच्या ओळी अभ्यासक्रमात आहेत, रिकाम्या खुर्चीत आहेत, त्या हरवलेल्या 70 पोरांच्या रकान्यात आहेत. बाबासाहेबांचं नाव ज्या दारावर आहे त्या दाराआड पोकळ पदवी विकली जात असेल, तर ती त्या नावाची विटंबना आहे. पुतळ्याला कुणी हात लावला तर आपण रस्ता अडवतो. या विटंबनेला आपण परीक्षेची फी भरतो.

मघा ज्यांनी हात वर केले ते दोघे भाषण संपल्यावर थांबा. पहिली दोन मंडळं तुमच्यापासून सुरू करू. बाकीच्यांनी जाताना आपापल्या पदवीचं आणि कॉलेजाचं नाव वहीत लिहून जा. पुढच्या शिबिरात भाषण होणार नाही, आकडे वाचले जातील.

जय भीम!